वादळानंतर मोबाइलची रेंज परत कशी येते? खांब, डिझेल आणि फायबरची साखळी समजून घ्या

चक्रीवादळ येऊन गेलं की किनाऱ्यावरच्या गावांतून एकच प्रश्न ऐकू येतो: ‘टॉवर तर समोर उभा दिसतोय, मग रेंज का नाही?’ दुसरा प्रश्न त्याच्या मागोमाग येतो: ‘शेजारच्या गावात लाईट आली, आमच्याकडे कधी येणार?’

हे दोन प्रश्न वेगळे वाटतात, पण त्यांचं उत्तर एकच आहे. आपल्या फोनवरच्या रेंजच्या काड्या म्हणजे एका लांब साखळीचं शेवटचं टोक. वादळात ही साखळी एकाच वेळी दहा ठिकाणी तुटते आणि दुरुस्ती मात्र एका ठरलेल्या क्रमानेच होते. तो क्रम माहीत असेल तर आपण उगाच वैतागत नाही आणि फोनचा खरा उपयोग कुठे करायचा हेही कळतं. म्हणून आज मी ही पूर्ण साखळी सोप्या भाषेत सांगणार आहे. उदाहरण आपल्या कोकणातलंच घेऊया.

निसर्ग वादळात काय झालं होतं?

३ जून २०२० रोजी दुपारी ‘निसर्ग’ चक्रीवादळ रायगड जिल्ह्याच्या किनाऱ्यावर, अलिबागच्या दक्षिणेला धडकलं. हवामान खात्याच्या वर्गवारीत ते ‘तीव्र चक्रीवादळ’ होतं. ताशी ८९ ते ११७ किलोमीटर वेगाने वारा वाहत असेल तर वादळाला हा दर्जा मिळतो. श्रीवर्धन, दिवेआगर, मुरुड, म्हसळा आणि रत्नागिरी जिल्ह्यातले मंडणगड, दापोली या भागांना जबर तडाखा बसला. नारळ-पोफळीच्या वाड्या आडव्या झाल्या, घरांचे पत्रे आणि कौलं उडाली, विजेचे खांब रांगेने कोसळले.

काही तासांत फोन बंद झाले. तेव्हा लॉकडाऊन होता, त्यामुळे मुंबईतल्या चाकरमान्यांना उठून गावी जाणंही सोपं नव्हतं. घर शाबूत आहे का, आई-बाबा बरे आहेत का, हे कळायचा एकमेव मार्ग फोन होता आणि नेमका तोच मुका झाला होता. कितीतरी गावांत वीज यायला आठवडे लागले.

इथे एक गणित लक्षात ठेवा. वाऱ्याचा वेग दुप्पट झाला की त्याचा जोर दुप्पट होत नाही, चौपट होतो. ताशी ६० किलोमीटरचा वारा सहज सोसणारा खांब १२० च्या वाऱ्यात चौपट मार खातो. त्यात झाड तारांवर पडलं की तारा शेजारच्या खांबाला ओढतात, तो पुढच्याला ओढतो. म्हणूनच खांब सुटे सुटे पडत नाहीत, अख्खी रांग झोपते.

टॉवर उभा, तरी रेंज गायब का?

मोबाइल टॉवरचा लोखंडी सांगाडा मजबूत असतो, तो सहसा पडत नाही. पण टॉवर चालायला दोन गोष्टी लागतात: वीज आणि मागची जोडणी.

१) वीज. टॉवरच्या खाली एक खोली किंवा कपाट असतं. महावितरणची वीज तिथे येते, ४८ व्होल्ट डीसीमध्ये बदलते आणि त्यावर वरची यंत्रणा चालते. वीज गेली की बॅटरी सुरू होते. ती काही तास पुरते. त्यानंतर डिझेल जनरेटर, जिथे तो असेल तिथे. असा जनरेटर तासाला लिटर-दोन लिटर डिझेल पितो, म्हणजे दिवसभर चालवायचा तर चाळीसेक लिटर लागतं. डिझेल आणायचं तर रस्ता मोकळा पाहिजे आणि रस्त्यावर तर झाडं आडवी पडलेली. त्यामुळे पुष्कळदा वादळात टिकलेला टॉवर दुसऱ्या दिवशी मरतो. वादळ असताना रेंज होती आणि नंतर गेली, असं लोक सांगतात त्याचं कारण हेच.

२) मागची जोडणी. तुमच्या फोनपासून टॉवरपर्यंतचा प्रवास हवेतून होतो, पण टॉवरपासून पुढे आवाज आणि डेटा फायबरने जातो. काही ठिकाणी फायबर जमिनीखालून जातं, काही ठिकाणी ते विजेच्याच खांबांवरून नेलेलं असतं. खांब गेला की फायबरही गेलं! जमिनीखालचं फायबर वाऱ्यापासून सुरक्षित असतं, पण उन्मळलेल्या झाडाची मुळं ते उपटून काढतात आणि रस्ता मोकळा करायला आलेला जेसीबीसुद्धा ते तोडू शकतो.

डोंगराळ भागात फायबरऐवजी टॉवरवर पांढऱ्या ढोलासारखी डिश बसवलेली दिसते. ती समोरच्या टॉवरकडे अगदी अरुंद झोत फेकते. वाऱ्याने ती डिश एक-दोन अंश जरी फिरली तरी झोत चुकतो आणि जोडणी तुटते. मग माणसाने वर चढून ती पुन्हा नेमकी रोखावी लागते.

यात आणखी एक गोची आहे. बरेच छोटे टॉवर एका मोठ्या टॉवरवर अवलंबून असतात. तो मोठा टॉवर बंद पडला की त्याच्या मागचे धडधाकट टॉवरही निकामी होतात. म्हणजे बिघाड तुमच्या गावात नसून वीस किलोमीटर दूर असू शकतो.

रेंज दिसते, पण फोन लागत नाही?

हा तिसरा प्रकार. पाच टॉवरपैकी एकच जिवंत असेल तर पाच टॉवरची माणसं त्या एकावर तुटून पडतात. कॉल लागत नाही, व्हॉट्सॲपवर गोल फिरत राहतं. अशा वेळी साधा एसएमएस करा. तो अगदी छोटा असतो. शिवाय समोरच्याचा फोन बंद असला तरी एसएमएस कंपनीच्या केंद्रात थांबून राहतो आणि फोन नेटवर्कमध्ये आला की पोचतो.

वीज कोणत्या क्रमाने परत येते?

आता साखळीचं मूळ बघूया. वीज आपल्या घरात थेट येत नाही, ती पायऱ्या उतरत येते. मोठ्या मनोऱ्यांवरून महापारेषणची उच्च दाबाची वीज येते, उदाहरणार्थ १३२ केव्ही. उपकेंद्रात ती ३३ किंवा २२ केव्ही होते, पुढच्या उपकेंद्रात ११ केव्ही, आणि शेवटी गावातल्या ट्रान्सफॉर्मरवर, ज्याला आपण सगळे ‘डीपी’ म्हणतो, ती २३० व्होल्टची होऊन घरात येते.

दुरुस्ती याच उताराने होते:

• आधी रस्ता. झाडं कापल्याशिवाय गाडी, क्रेन, खांब काहीच पुढे जात नाही.
• मग उपकेंद्र आणि त्यात येणारी मुख्य लाइन.
• मग ११ केव्हीची लाइन. एका दुरुस्तीत अनेक गावं उजळतात, म्हणून तिला प्राधान्य. रुग्णालय, पाणीयोजना, मोबाइल टॉवर ज्या लाइनवर असतील ती शक्यतो आधी घेतली जाते.
• मग एकेक डीपी.
• सगळ्यात शेवटी वाडीतून घरापर्यंत जाणारी लाइन.

आता शेजारच्या गावाचं कोडं सुटलं का बघा. ते गाव कदाचित दुसऱ्या लाइनवर असेल, किंवा तुमच्याच लाइनवर पण उपकेंद्राच्या जवळ. लाइनच्या टोकाला असलेल्या गावाला वरचे सगळे खांब उभे राहीपर्यंत थांबावंच लागतं. आपल्या दारातला खांब आधी उभा केला तरी त्यात वीज येणार कुठून?

किनाऱ्यावर आणखी एक त्रास असतो, मिठाचा. वादळात समुद्राचं खारं पाणी फवाऱ्यासारखं उडतं आणि तारा ज्यांवर टेकतात त्या चिनीमातीच्या इन्सुलेटरवर त्याचा थर बसतो. हवेत दमटपणा आला की त्या थरातून वीज झिरपते, ठिणग्या उडतात आणि लाइन पुन्हा बंद पडते. त्यामुळे न पडलेली लाइनही तपासून, इन्सुलेटर साफ करूनच सुरू करावी लागते.

एक खांब उभा करायला इतका वेळ का लागतो?

खांब जमिनीत किती पुरायचा याचा साधा नियम आहे: लांबीच्या सहाव्या भागाइतका. ९ मीटरचा खांब असेल तर दीड मीटर खड्डा हवा. कोकणात जांभा दगड लागला की हा खड्डा खणताना घाम फुटतो. भातशेतीत खणलं तर खड्डा पाण्याने भरतो. सिमेंटचा खांब काही शे किलो वजनाचा असतो. रस्त्याकडेला तो क्रेनने उभा करता येतो, पण वाडीच्या आत, पाखाडीवरून, क्रेन जात नाही. तिथे दोर लावून माणसांनीच तो ओढत नेऊन उभा करायचा. ‘निसर्ग’नंतर तर लगेच पावसाळा सुरू झाला आणि बरंचसं काम भर पावसात करावं लागलं. बाहेरच्या जिल्ह्यांतूनही महावितरणची पथकं तिथे आली होती. त्यांना गावच्या वाटा माहीत नसतात, कुठला डीपी कुठे आहे हे कुणीतरी दाखवावं लागतं. हा मुद्दा लक्षात ठेवा, पुढे उपयोगी पडेल.

घरचा जनरेटर आणि वायरमनचा जीव

हा भाग कृपया घाईने वाचू नका.

लाइनवर चढण्याआधी वायरमन (महावितरण त्यांना ‘जनमित्र’ म्हणतं) उपकेंद्राकडून परमिट घेतो, म्हणजे ती लाइन बंद केल्याची खात्री. मग लाइनमध्ये वीज नाही ना, हे तपासतो आणि तारा जमिनीशी जोडतो, म्हणजे अर्थिंग करतो. त्यानंतरच कामाला हात लावतो.

आता समजा गावात कुणीतरी भाड्याने जनरेटर आणला आणि त्याची वायर सरळ घरातल्या प्लगमध्ये खुपसली. ती वीज घरापुरती थांबत नाही. मेन स्विच चालू असेल तर ती मीटरमधून उलटी बाहेर पडते आणि डीपीपर्यंत जाते. ट्रान्सफॉर्मर दोन्ही दिशांनी काम करतो. इकडून ११ हजार व्होल्ट आले की तो ते कमी करतो आणि तिकडून २३० आले की वाढवून हजारो व्होल्ट करतो! सगळ्यांच्या मते बंद असलेली तार अचानक जिवंत होते आणि तिच्यावर कुणाच्या तरी घरचा माणूस चढलेला असतो.

म्हणून जनरेटर लावायचाच तर चेंजओव्हर स्विच बसवूनच लावा. या स्विचमुळे घर एका वेळी एकतर लाइनला किंवा जनरेटरला जोडलेलं राहतं, दोन्हींना कधीच नाही. तो नसेल तर जनरेटरला थेट एक्स्टेंशन बोर्ड जोडून फोन चार्ज करा, घराच्या वायरिंगला हात लावू नका. आणि खाली पडलेली कुठलीही तार जिवंतच आहे असं समजून किमान १० मीटर लांब राहा. ‘गावात लाईट नाही, म्हणजे तारेत करंट नाही’ हे गणित वादळानंतर चालत नाही.

फायबर कुठे तुटलं, हे कसं कळतं?

मला या साखळीतला सगळ्यात भारी वाटणारा भाग हा आहे. तीस किलोमीटरच्या केबलमध्ये तुटलेली जागा शोधायला कुणी तीस किलोमीटर खणत बसत नाही. केबलच्या एका टोकातून प्रकाशाचा छोटासा झोत सोडतात. जिथे काच तुटली असेल तिथून त्याचा थोडा भाग परत फिरतो, डोंगरावरून प्रतिध्वनी यावा तसा. यंत्र फक्त वेळ मोजतं.

फायबरमध्ये प्रकाश सेकंदाला साधारण २ लाख किलोमीटर जातो. समजा झोत परत यायला सेकंदाचा दहा हजारावा भाग लागला. एवढ्या वेळात प्रकाश २० किलोमीटर गेला, म्हणजे जाऊन-येऊन २०. तर तुटलेली जागा १० किलोमीटरवर! मग पथक तिथे जातं, केसासारखे बारीक काचेचे धागे समोरासमोर धरतं आणि यंत्रातल्या विजेच्या ठिणगीने ते वितळवून जोडतं. एका केबलमध्ये असे पुष्कळ धागे असतात. जोडताना धूळ आणि पाणी चालत नाही, म्हणून पावसात ताडपत्री धरून हे नाजूक काम करावं लागतं.

तोवर दुसऱ्या कंपनीचा टॉवर वापरता येतो का?

हो, येऊ शकतो. याला ‘इंट्रा सर्कल रोमिंग’ म्हणतात. तुमच्या कंपनीचा टॉवर बंद असेल तर त्याच भागातल्या दुसऱ्या कंपनीच्या टॉवरवरून तुमचा फोन चालतो. आपत्तीच्या वेळी दूरसंचार विभाग कंपन्यांना ही सोय सुरू करायला सांगतो. जून २०२३ मध्ये ‘बिपरजॉय’ वादळ गुजरातवर आलं तेव्हा तिथल्या किनारी जिल्ह्यांत ती काही दिवस सुरू होती.

पण बऱ्याच जणांना हे माहीतच नसतं. अशी सोय जाहीर झाली की फोनच्या सेटिंगमध्ये सिम किंवा मोबाइल नेटवर्कमध्ये जा, नेटवर्क आपोआप निवडणं बंद करा, यादी येऊ द्या आणि दुसऱ्या कंपनीचं नाव निवडून बघा. डेटा रोमिंगही चालू करा. काम झालं की सेटिंग पुन्हा आपोआपवर आणा. सोय जाहीर झालेली नसेल तरी ११२ हा आपत्कालीन क्रमांक मिळेल त्या कंपनीच्या नेटवर्कवरून लागू शकतो. स्क्रीनवर ‘फक्त आपत्कालीन कॉल’ असं दिसतं त्याचा अर्थ हाच.

तुमच्या फोनने तुम्ही काय करू शकता?

*वादळाआधी:*

• फोन आणि पॉवरबँक पूर्ण चार्ज करा. १०,००० एमएएचच्या पॉवरबँकेतून प्रत्यक्षात साधारण ६,००० च मिळतात, कारण व्होल्टेज बदलताना काही ऊर्जा वाया जाते. म्हणजे ५,००० एमएएचचा फोन जेमतेम सव्वा वेळा चार्ज होईल. चार दिवसांचा हिशोब त्यावरून करा.
• आपल्या तालुक्याचा नकाशा ऑफलाइन उतरवून ठेवा.
• महत्त्वाचे नंबर आणि वीजबिलावरचा १२ आकडी ग्राहक क्रमांक कागदावर लिहून ठेवा.
• फोनमधल्या आपत्कालीन सूचना चालू ठेवा. २०२३ मध्ये अनेकांचे फोन अचानक मोठ्याने कर्कश वाजले आणि स्क्रीनवर चाचणीचा संदेश आला, आठवतंय? ती हीच यंत्रणा. टॉवर तो संदेश आपल्या हद्दीतल्या सगळ्या फोनना एकदम पाठवतो, त्यामुळे नेटवर्कवर गर्दी असली तरी तो पोचतो.

*रेंज नसताना:*

• रेंज शोधत राहिलेला फोन बॅटरी भराभर खातो. फ्लाइट मोड लावा आणि तासातून एकदा काढून बघा.
• घरच्यांना एकच एसएमएस पाठवा: कोण, कुठे, सुखरूप आहे का, काय हवंय. सगळ्यांना वेगळे कॉल करण्याऐवजी एका नातेवाइकाला कळवा आणि त्याला पुढे सांगायला सांगा.

*दुरुस्ती सुरू असताना:*

रेंज नसली तरी फोनचं जीपीएस चालतं, कारण ते थेट उपग्रहांचे सिग्नल घेतं. इंटरनेट नसल्यामुळे पहिल्यांदा जागा सापडायला काही मिनिटं लागू शकतात. मोकळ्या आकाशाखाली उभे राहा. नकाशात आपल्या जागेवर बोट दाबून धरलं की अक्षांश-रेखांशाचे आकडे दिसतात. दशांश चिन्हानंतर चार आकडे घेतले तरी जागा साधारण ११ मीटरपर्यंत अचूक कळते.

आता मघाची बाहेरगावची पथकं आठवा. ‘आमच्या वाडीत लाईट नाही’ या तक्रारीतून त्यांना फारसं काही कळत नाही. पण ‘अमुक डीपी, त्यावर रंगवलेला क्रमांक, तिच्यापुढचे तीन खांब पडलेत, तिसऱ्यावर आंब्याचं झाड आहे, हे अक्षांश-रेखांश’ एवढं कळलं तर किती खांब, किती तार आणि कटर न्यायचा की नाही हे आधीच ठरवता येतं. फोटो लांबूनच काढा, रेंज येईल तेव्हा पाठवा. गावातल्या दोन-तीन जणांनी मिळून अशी एक यादी केली आणि सरपंचांमार्फत किंवा १९१२ या वीज तक्रार क्रमांकावर दिली, तर तेच तेच पन्नास फोन वाचतात.

पुन्हा तेच उभं करायचं का?

‘निसर्ग’नंतर वर्षभरातच, मे २०२१ मध्ये, ‘तौक्ते’ कोकण किनाऱ्याला घासून गुजरातकडे गेलं आणि खांब पुन्हा पडले. त्यामुळे दुरुस्ती करताना ‘पूर्वीसारखं’ करणं पुरेसं नाही. काय बदलता येतं?

• भूमिगत वाहिन्या. अलिबाग शहरात राष्ट्रीय चक्रीवादळ जोखीम निवारण प्रकल्पातून असं काम हाती घेतलं गेलं. वारा आणि झाडांचा त्रास संपतो. मात्र खर्च कैकपट होतो, बिघाड शोधणं अवघड जातं आणि रस्त्यावरच्या पेट्या पुराच्या पाण्यापेक्षा उंच ठेवाव्या लागतात. दाट वस्तीत हे परवडतं, विखुरलेल्या वाड्यांमध्ये कठीण आहे.
• एबी केबल. उघड्या तारांऐवजी आवरण असलेल्या, एकमेकींना पीळ घातलेल्या तारा. फांदी टेकली तरी लगेच लाइन जात नाही.
• जवळजवळ खांब आणि भक्कम ताण. दोन खांबांमधलं अंतर कमी केलं की प्रत्येकावरचा भार कमी होतो.
• दोन वाटा. फायबर गोल फिरवून आणलं तर एका बाजूने तुटलं तरी दुसऱ्या बाजूने जोडणी चालू राहते. विजेच्या लाइनलाही हेच लागू आहे.
• टॉवरला जादा बॅटरी किंवा सौर पॅनेल. निदान तालुक्यातल्या त्या मोठ्या टॉवरला, ज्याच्यावर बाकीचे अवलंबून आहेत.

यातलं काहीच आपण घरी बसून करू शकत नाही, पण विचारू नक्की शकतो. पुढच्या ग्रामसभेत हे तीन प्रश्न विचारा: आपल्या गावचा टॉवर विजेविना किती तास चालतो? पाणीयोजनेच्या पंपाला दुसरी सोय आहे का? आपल्या डीपींची जागा आणि क्रमांक असलेली यादी ग्रामपंचायतीकडे आहे का? पहिल्या दोघांना पैसा लागतो, वेळ लागतो. तिसऱ्याला तुमच्या हातातला फोन आणि एक रविवार पुरतो. ती यादी वादळाच्या आधी तयार असेल, तर बाहेरून आलेल्या पथकाला तुमच्या वाडीची वाट शोधत फिरावं लागणार नाही.